एक दिवसाआड : उपचार लिहून देणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

दीर्घ आणि गंभीर आजारांवर उपचार करणाऱ्या सर्व डॉक्टरांना सप्रेम नमस्कार.

हिशेब लिहिणं हा माझा पोटाचा उद्योग. दुसऱ्यांचे जमाखर्च जुळवण्यात 26 वर्षं गेली, म्हणून घरात आजारपण शिरलं तेव्हा फाइल सांभाळायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. गेली पाच वर्षं थोरल्या भावाबरोबर मी तुमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसते. पत्रात कुठे सूर चढला तर त्या बाकाचा दोष समजा.

दादाला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे. तुम्हाला हे सांगायला नको, पण पत्र खुलं आहे म्हणून इतरांसाठी सांगते. रक्ताचा हा कर्करोग एकेकाळी काही वर्षांत माणूस नेत असे. 2001 साली इमॅटिनिब ही गोळी वापरात आली आणि बहुतेकांसाठी तोच आजार मधुमेहासारखा सांभाळत जगण्याचा झाला. रोज गोळी घ्यायची, ठरावीक महिन्यांनी रक्तात आजार किती उरलाय ते मोजणारी पीसीआर तपासणी करायची, आकडा खाली जातोय ना ते बघायचं. दादाचा आकडा दीड वर्ष छान उतरला. मग एका तपासणीत तो जागचा हलला नाही, आणि पुढच्या तपासणीत चढला.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवले. "गोळ्या चालू आहेत ना?" दादा म्हणाला, "हो." डॉक्टर म्हणाले, आजार औषधाला दाद देईनासा झालेला दिसतोय, म्युटेशनची, म्हणजे आजाराच्या पेशींच्या जनुकांत बदल झालाय का याची, तपासणी करून घेऊ, बहुतेक पुढच्या पिढीचं औषध सुरू करावं लागेल. मी खर्च विचारला, तर ते बाहेर काउंटरवर सांगतील म्हणाले. काउंटरवर तपासणीचा आकडा कळला, नव्या गोळीचाही कळला. दादा काही बोलला नाही. घरी पोचेपर्यंत नाही.

त्या रात्री मी फाइलमध्ये बिलं लावत बसले होते. सवयीने तारखा बघत गेले. महिन्याच्या गोळ्यांचं बिल दर महिन्याला हवं. मागच्या दहा महिन्यांत ती पाचच होती. वाटलं, बिलं गहाळ झाली असतील. वहिनीला विचारलं, तर तिने कपाटातून चालू पाकीट काढलं आणि न बोलता माझ्यापुढे ठेवलं. पाकिटाच्या मागच्या चंदेरी बाजूवर, एकेका गोळीच्या मागे, बॉलपेनने बारीक अक्षरात वार लिहिले होते. सोम. बुध. शुक्र. रवि. मंगळ.

गोळी एक दिवसाआड चालू होती. "चालू आहेत ना?" या प्रश्नाला दादाने दिलेलं "हो" तसं पाहिलं तर खोटंही नव्हतं.

दादाचं स्वतःचं दुरुस्तीचं काम आहे, हात चालले तरच कमाई. लेकीची फी आणि महिन्याच्या गोळ्या एका महिन्यात बसेनात, तेव्हा त्याने गोळ्यांचा महिना दोन महिन्यांचा केला आणि वहिनीला गप्प राहायला सांगितलं. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर जीव वाचवायला बसलेत. त्यांच्यापुढे पैशाचं रडगाणं काय गायचं? आणि याला परवडत नाही असं एकदा कळलं की ते मनापासून बघतील का?"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि ते पाकीट त्यांच्या टेबलावर उलटं ठेवलं. त्यांनी ते उचलून सगळे वार वाचले. मग तपासणीच्या कागदावर आडवी रेघ मारली, दुसऱ्या कंपनीची तीच गोळी लिहून दिली, जी आमच्या चालू बिलाच्या मानाने कितीतरी स्वस्त पडली, आणि म्हणाले, "मला आधी सांगायचं होतं." रोजची गोळी सुरू झाली. सहा महिन्यांनी आकडा पुन्हा खाली आला.

माणूस भला आहे. त्यांचे आमच्यावर उपकारच आहेत. पण "मला आधी सांगायचं होतं" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सांगायचं कधी, कुठल्या प्रश्नाच्या उत्तरात? पायाला सूज येते का, पोटऱ्यांत गोळे येतात का, मळमळतं का, अंगावर पुरळ उठतं का, हे तुम्ही दर भेटीत विचारलंत. औषध परवडतंय का, हे एकदाही विचारलं नाहीत. ज्या दुष्परिणामाने औषध निम्मं बंद पाडलं, नेमका तोच तुमच्या यादीत नव्हता.

म्हणून हे पत्र. माझं मागणं एकच आहे: खर्च हा उपचाराचा दुष्परिणाम आहे असं धरा. बाकीचे दुष्परिणाम विचारता तसा तो दर भेटीत विचारा आणि केस पेपरवर लिहा.

हे काही मला सुचलेलं नाही. तुमच्याच व्यवसायातल्या लोकांनी ते लिहून ठेवलंय. दादाच्या प्रकरणानंतर मी जमेल तसं वाचत गेले. आकडे दिसले की पडताळून बघायची खोड आहेच. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी याच गोळीवर असलेल्या 87 रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक चिप बसवली होती. बाटली केव्हा उघडली, याची नोंद चिप ठेवायची. 2010 साली तो अभ्यास छापून आला. ज्यांनी 80 टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यापैकी एकाचाही आकडा हव्या त्या पातळीपर्यंत उतरला नव्हता. दादा 50 टक्क्यांवर होता. औषध हरलं नव्हतंच, ते पोटात गेलं नव्हतं.

मग ते पोटात का जात नाही, याचं उत्तर शोधणारेही आहेत. 2013 साली अमेरिकेत युसुफ झफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 254 कर्करुग्णांना पैशाबद्दल सरळ प्रश्न विचारले. जवळजवळ सगळे विमा असलेले. तरीही पाचातला एक जण पैसे वाचवायला औषध लिहून दिलंय त्यापेक्षा कमी घेत होता, आणि 24 टक्क्यांनी कधी ना कधी औषध आणलंच नव्हतं. 46 टक्क्यांनी अन्न-कपड्यांवरचा खर्च कमी केला होता. (हिशेबनीस म्हणून एक खुलासा: यातल्या तीन चतुर्थांश लोकांनी औषधाच्या खर्चासाठी मदतीचा अर्ज केला होता, तेव्हा आकडे जरा चढे धरा. पण हे विमा असलेल्यांचे आकडे आहेत, हेही धरा.) त्या निबंधाच्या नावातच 'फायनान्शियल टॉक्सिसिटी' असे शब्द होते, म्हणजे औषधाची विषबाधा असते तशी खर्चाची. शब्द तुमच्या भाषेतला आहे, म्हणून मला आवडला.

आणि ही विषबाधा जीवही घेते. अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यात कर्करुग्णांच्या नोंदी आणि दिवाळखोरीच्या कोर्टातल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या. 2013 साली दिसलं की कर्करोग झालेल्यांची दिवाळखोरीत जाण्याची शक्यता इतरांच्या अडीच पटींहून जास्त आहे. 2016 साली त्याहून वाईट दिसलं: दिवाळखोरीत गेलेल्या कर्करुग्णांचा मृत्यूचा धोका, तशाच पण दिवाळखोरी न आलेल्या रुग्णांच्या मानाने 79 टक्के अधिक. दोन नोंदवह्या शेजारी ठेवून बेरीज तपासणं हे माझं रोजचं काम, पण ही बेरीज मी तीनदा वाचली.

तुमच्याकडे दुष्परिणाम मोजायची एक पट्टी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने केलेली, 1 ते 5 श्रेणींची. 1 म्हणजे किरकोळ, 5 म्हणजे मृत्यू. शेकडो दुष्परिणाम आहेत तिच्यात. केस किती गळले याच्याही श्रेण्या आहेत. घर विकावं लागलं, याला श्रेणी नाही. शिकागोच्या डॉक्टरांनी 2014 साली त्यासाठी 11 प्रश्नांची वेगळी प्रश्नावली केली, तिचं नाव 'कॉस्ट'. बाकावर बसल्या-बसल्या भरता येईल इतकी छोटी आहे. पाच वर्षांत ती, किंवा तिच्यासारखी कुठलीही, आमच्या हातात कुणी दिलेली नाही.

खर्च म्हणजे औषधाचं बिल, असा एक समज आहे. तो तुमचा आहे तसा सरकारांचाही आहे. बिल माफ केलं की झालं! क्षयरोगाचं उदाहरण घ्या. क्षयाची औषधं जगात बहुतेक ठिकाणी फुकट मिळतात. तरी जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशी पाहणी करवली, तेव्हा साधारण निम्म्या रुग्णांच्या घरांचा या आजारापायी झालेला एकूण खर्च आणि बुडालेली कमाई मिळून वर्षाच्या उत्पन्नाच्या 20 टक्क्यांवर गेलेली निघाली. 2020 पर्यंत असं एकही घर राहू नये, असं उद्दिष्ट संघटनेनेच ठेवलं होतं. औषध फुकट, पण ते घ्यायला जाण्याचे हेलपाटे फुकट नाहीत, बुडालेला दिवस फुकट नाही. रुग्णाबरोबर जो जातो त्याचा दिवस तर कुठेच लिहिला जात नाही. माझ्या फाइलमध्ये मी तो लिहिते. आजवर दादाचे बुडालेले कामाचे दिवस 212 आणि माझे 97. दोन्ही आकडे कुठल्याही बिलावर नाहीत.

गंमत अशी की सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हे लोकांना जास्त नीट कळत होतं. 1883 साली जर्मनीत चॅन्सलर बिस्मार्कने कामगारांसाठी आजारपणाचा विमा काढला, तेव्हा त्यात औषधोपचार होताच, शिवाय तिसऱ्या दिवसापासून निम्मी मजुरीही होती, 13 आठवड्यांपर्यंत. बिस्मार्क काही दयेचा पुतळा नव्हता, त्याचे राजकीय हिशेब वेगळे होते. पण आजारी कामगाराच्या घरी आधी काय आटतं, हे त्याला ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, औषधांच्या किमती आम्ही ठरवत नाही, विमा आम्ही काढत नाही, सरकार आम्ही चालवत नाही. खरंय. पण तुमच्या पेनाने जे होतं ते कुणाच्याच हातात नाही. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन देतात. पूर्वी त्याच्या 25 बैठका असायच्या, पाच आठवडे रोज. मग 15 झाल्या. ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या फास्ट-फॉरवर्ड या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष 2020 साली आले: एका आठवड्यातल्या 5 बैठका तीन आठवड्यांतल्या 15 बैठकांपेक्षा कमी ठरल्या नाहीत. तुमच्या दृष्टीने हा मात्रेचा प्रश्न. दूरवरून येणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा दहा दिवसांच्या प्रवासाचा, राहण्याच्या जागेचा, घरी पोरांकडे कोण बघणार याचा आणि मालक कामावर ठेवील का याचा प्रश्न. प्रत्येकीला 5 बैठका चालतील असं नाही, हे मला कळतं. चालत असतील तिथे तुम्हाला ते आठवावं, एवढंच म्हणते.

दुसरं उदाहरण मला वाचताना विलक्षण वाटलं. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ॲबिराटेरोन नावाची गोळी आहे. ती उपाशीपोटी 1000 मिलिग्रॅम घ्यायची. पण अन्नाबरोबर घेतली तर ती शरीरात खूप जास्त शोषली जाते. म्हणून काही डॉक्टरांनी 72 रुग्णांवर प्रयोग करून पाहिला: निम्म्यांना नेहमीची मात्रा, निम्म्यांना हलक्या न्याहारीबरोबर फक्त 250 मिलिग्रॅम. 2018 साली छापलेल्या निष्कर्षात रक्तातल्या पीएसएवरचा (या आजाराचा चढउतार दाखवणाऱ्या प्रथिनावरचा) परिणाम तोडीस तोड निघाला. पाव मात्रा! प्रयोग छोटा आहे, आयुर्मानाबद्दल तो काही सांगत नाही, आणि कुणा रुग्णाने हे वाचून आपल्या मनाने गोळ्या कमी करू नयेत. दादाने मनाने कमी केल्या त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. मुद्दा इतकाच की मात्रा कमी करण्याचा विचार दोन ठिकाणी होऊ शकतो, तुमच्या खोलीत किंवा आमच्या कपाटापाशी. तुमच्या खोलीत झाला तर त्याला शास्त्र म्हणतात.

आता एका वाक्याविषयी, जे तुम्ही फार चांगल्या मनाने बोलता. "पैशाचा विचार करू नका, आधी पेशंट महत्त्वाचा." हे वाक्य ऐकलं की आमच्या तोंडाला कुलूप लागतं. विचार तर आम्ही करतच असतो, त्या क्षणीही करत असतो. वाक्याने फक्त तो बोलायची लाज वाटायला लागते. सर्वांत जास्त हे अतिदक्षता विभागाच्या दाराशी होतं. डॉक्टर बाहेर येतात, थकलेले असतात, विचारतात, "सगळं करायचं ना?" आता या प्रश्नाला "नको" म्हणणारा मुलगा कुठून आणायचा? चारचौघांत, आई आत असताना? 'सगळं' म्हणजे काय, त्याने किती दिवस मिळतील, ते कसे असतील आणि त्यानंतर घरात काय उरेल, हे त्या प्रश्नात नसतं. माझ्या कामाच्या ठिकाणी एक जण वडिलांच्या शेवटच्या नऊ दिवसांचे हप्ते सहा वर्षं फेडत होता. त्याला मी एकदा विचारलं, पुन्हा वेळ आली तर काय करशील? तो म्हणाला, "तेच. पण कुणीतरी माझ्याजवळ बसून सांगितलं असतं तर निदान मी ठरवलं असं झालं असतं."

तुमच्या अडचणी मला दिसतात. एका रुग्णाला मिळणारी मिनिटं मी घड्याळ लावून मोजलीत. त्यात हा आणखी एक प्रश्न कुठे कोंबायचा? शिवाय कुठल्या दुकानात कुठली गोळी केवढ्याला, हे तुम्हाला पाठ नसतं, असावं अशी अपेक्षाही नाही. पण झफर यांच्याच गटाने 2015 साली आणखी एक पाहणी छापली. 300 कर्करुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जणांना डॉक्टरांशी खर्चाबद्दल बोलावंसं वाटत होतं आणि प्रत्यक्षात बोलले होते 19 टक्के. जे बोलले, त्यांच्यातल्या 57 टक्क्यांनी सांगितलं की बोलल्यामुळे त्यांचा खर्च कमी झाला. औषध बदललं, तपासणी पुढे ढकलली, भेटींची संख्या कमी केली, कुणाकडे तरी पाठवलं, काहीतरी वाट निघतेच. आमची निघालीच की, एका रेघेत.

त्याहून मोठी अडचण दादाने बोलून दाखवलेली. परवडत नाही म्हटलं तर हे आपल्याला कमी दर्जाचं काही देतील, ही भीती. ती उगाच नाही. कपड्यांवरून, बोलण्यावरून, बरोबर किती माणसं आलीत यावरून तुम्ही अंदाज बांधता, आणि तो अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. नीटनेटक्या कपड्यातला माणूस काल कर्ज काढून आलेला असतो. यावर माझ्या अल्पमतीला एकच उपाय दिसतो: प्रत्येकाला विचारा, एकाच शब्दांत. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हे तुम्ही गरीब-श्रीमंत बघून विचारत नाही. तसंच. "गेल्या महिन्यात पैशामुळे औषध, तपासणी किंवा भेट चुकली का?" आणि "चालू आहेत ना?" असं मुळीच विचारू नका. ज्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं त्याला माणसं मान डोलावतात.

नोंद का हवी, तेही सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक वर्षानुवर्षं मोजत आल्या आहेत की किती घरांचा आरोग्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या 10 टक्क्यांवर गेला. अशा घरांतली माणसं जगात कोट्यवधी आहेत. पण या मोजणीत एक भोक आहे आणि हिशेब लिहिणाऱ्याला ते चटकन दिसतं. ज्याने खर्चच केला नाही, तो संकटात नाही असं ती वही म्हणते. दादाने निम्म्या गोळ्या घेतल्या त्या दहा महिन्यांत आमच्या घरचा आजारपणावरचा खर्च निम्म्यावर आला होता. कागदावर आमची परिस्थिती सुधारत होती. ही चूक फक्त तुमच्या केस पेपरवर पकडता येते, कारण घेतलेलं औषध आणि चढलेला आकडा या दोन्ही गोष्टी एकत्र फक्त तिथेच येतात.

दादाची पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. फाइलमध्ये रिपोर्टच्या वर मी एक पान लावलंय. तीन रकाने आहेत: कामाचे बुडालेले दिवस, या तीन महिन्यांत झालेला सगळा खर्च, आणि तो पैसा आला कुठून. तिसऱ्या रकान्यात दोन ठिकाणी 'उसने' लिहिलंय आणि एका ठिकाणी दादाने स्वतःच्या हाताने 'वाइंडिंगचं मशीन' असं लिहिलंय. ते विकल्याचं मला त्या रकान्यामुळेच कळलं. तुम्ही मागितलं नाहीत तरी हे पान मी रिपोर्टच्या आधी पुढे सरकवणार आहे. वाचायला एक मिनिट लागेल.

आपली,
एका रुग्णाची धाकटी बहीण